नाशिकची वाईन सहल: या चुका टाळा, आणि मिसळ परतीच्या दिवशी खा

२६ जानेवारी शुक्रवारी आला होता. सलग तीन दिवस सुट्टी, गुलाबी थंडी, द्राक्षांचा हंगाम. आम्ही पाच जण पहाटे साडेपाचला ठाण्याहून निघालो, कसारा घाट चढलो आणि अकराच्या सुमारास गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत हजर. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "सर, आज ड्राय डे आहे." पहिला दिवस आम्ही द्राक्षाच्या रसावर काढला.

गंमत अशी, की लाँग वीकेंड ज्या सुट्ट्यांमुळे मिळतो त्यातल्या बऱ्याचशा कोरड्याच असतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, शिवाय आषाढी-कार्तिकी एकादशी. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही. तेव्हा खोली बुक करण्याआधी कॅलेंडर बघा आणि वायनरीत एक फोन करा. टेस्टिंगच्या, म्हणजे वाईन चाखून बघण्याच्या, वेळाही तेव्हाच ठरवून घ्या. सुट्टीत आयत्या वेळी गेलात तर ताटकळत बसावं लागतं.

हंगामाचंही तेच. पावसाळ्यात अंजनेरी-ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले सुंदर दिसतात, पण वेलींवर पानांशिवाय काही नसतं. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास नवी फूट यावी म्हणून खरड छाटणी होते, पावसाळा सरता सरता घड यावेत म्हणून फळछाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. घड बघायचे असतील तर तेव्हाच जा. ते बाजारातल्या थॉमसनसारखे टपोरे नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. आणि विचारल्याशिवाय तोडून तोंडात टाकू नका, फवारणी झालेली असू शकते.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. नाशिकला जाऊन सकाळी मिसळ खायची नाही, हे कुणाला पटेल? दुसऱ्या दिवशी मी काळ्या रश्श्याची तर्रीदार मिसळ खाल्ली, दोन पाव जास्तीचे घेतले आणि तासाभरात टेस्टिंगच्या टेबलाशी जाऊन बसलो. पहिला घोट सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाईनचा. शेजारच्या टेबलावर कुणी पेरूचा वास येतो म्हणत होतं, कुणी गवती चहाचा. मला नुसती जीभ चुरचुरलेली कळली. मग शिराझ ही रेड वाईन आली, ती तर कच्ची सुपारी चघळल्यासारखी. आमच्यातल्या एकाने निकाल दिला, "सगळ्या आंबट आहेत यार."

वाईन बिचारी ठीक होती. मिरचीने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल गेलं की जळजळ वाढते, आणि रेड वाईनमधला तुरटपणा त्यात भर घालतो. टेस्टिंगच्या दिवशी सकाळी साधे पोहे खा, मिरची बाजूला काढून. मिसळ झालीच असेल तर ताक प्या, दीड-दोन तास जाऊ द्या आणि सुरुवात किंचित गोडसर शेनिन ब्लाँ या व्हाइट वाईनने करा. तिखटाशी तिचं बऱ्यापैकी जमतं. टेस्टिंगच्या आधी पान, मसाला सुपारी, सिगारेटही नको. अत्तर किंवा डिओ फवारून आलेला मित्र असेल तर त्याला टेबलाच्या टोकाला बसवा, कारण अर्धी चव नाकातच असते.

टेबलावर एक रिकामं भांडं ठेवलेलं असतं. ते थुंकायला किंवा उरलेली वाईन ओतायला. पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकायची म्हणजे आपल्या जिवावर येतं, पण सहा प्रकार गिळून झाल्यावर सातव्याची चव कुणाला कळते? दिवसाला दोन वायनरी पुरे. गंगापूर धरणाकडच्या सुला, सोमा, यॉर्क एका दिवशी उरकून तसंच इगतपुरीजवळच्या संजेगावला ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने गाठायचं, असले बेत व्हॉट्सॲप ग्रुपवरच शोभतात.

गाडी कोण चालवणार, हे निघायच्या आधी ठरवा. "चाखलीच तर आहे" हे पोलिसांना सांगून चालत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाशिकमधून ड्रायव्हरसकट दिवसभराची गाडी करा आणि पाच जणांत पैसे वाटून घ्या. संध्याकाळी धरणाकाठी ॲपवर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

बाटल्या शेवटच्या थांब्यावर घ्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही सकाळीच सहा घेतल्या, डिकीत टाकल्या आणि त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. गाडी तीन तास उन्हात. संध्याकाळी पाहिलं तर एका बाटलीचं बूच अर्धा बोट वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ. चवीला मुरांबा पाण्यात कालवल्यासारखी. म्हणून बाटल्या टॉवेलात गुंडाळून एसीच्या गाडीत पायाशी ठेवा, किंवा मासे आणायचा थर्माकोलचा डबा बरोबर घ्या. बूच वर आलंच तर ती बाटली आधी उघडा, साठवू नका. उघडताना बूच तुटलं तर आत ढकला आणि चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळून घ्या, काही बिघडत नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र दोष बुचाचा आहे. टेस्टिंग रूममध्ये असं झालं तर न लाजता सांगा, दुसरी बाटली उघडतात.

त्याच सहलीत परत निघताना एकाला सुचलं, "सापुतारा ऐंशीच किलोमीटर आहे, एक रात्र तिथे काढू." निघालोही होतो. वणीच्या आसपास कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की सापुतारा गुजरातमध्ये, तिथे दारूबंदी आणि आपल्या डिकीत पाच बाटल्या. गाडी वळवली आणि बाटल्या मित्राच्या पंचवटीतल्या मामांकडे ठेवायला नेल्या. मामा माळकरी. त्यांनी चष्मा चढवून एकेक लेबल वाचलं, "द्राक्षाचंच आहे ना?" एवढं विचारलं आणि बाटल्या गव्हाच्या कोठीमागे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी परत देताना मोजून दिल्या.