हरलेल्या फॉरमॅटच्या कॅसेट आणि डिस्क घरात असतील तर

फोंड्यातल्या माझ्या व्हिडिओ लायब्ररीत १९८४ साली दोन रॅक होते, डावीकडे बीटा आणि उजवीकडे व्हीएचएस. कॅसेटचे हे दोन फॉरमॅट, एकाची कॅसेट दुसऱ्याच्या मशीनवर चालत नसे. पाचेक वर्षांत डावा रॅक रिकामा झाला. पुढे लायब्ररीही बंद झाली, पण लोक अजून पिशव्या घेऊन घरी येतात. कॅसेट आहेत, मशीन नाही, काय करू? त्यांना ओसरीवर बसून जे सांगतो, तेच इथे लिहितो.

सर्वांत आधी चटई पसरा आणि वाटणी करा. बाजारातून आलेलं एका बाजूला, घरात चित्रित केलेलं दुसऱ्या बाजूला. सिनेमा कुठल्या ना कुठल्या रूपात पुन्हा मिळतो. तुमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन, बहिणीचं लग्न, गावच्या काल्याचं नाटक दुसऱ्या कुणाकडे नाही. पैसा आणि वेळ आधी त्या ढिगावर घाला. लोक नेमकं उलटं करतात. महाग डिस्कांची चिंता वाहतात आणि लेबल नसलेली कॅसेट पोटमाळ्यावर टाकतात.

हे मी शिकलो ते नुकसान करून घेऊन. सोनीने बीटामॅक्स, म्हणजे बीटा, १९७५ साली आणलं, जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ साली. सुरुवातीच्या बीटा कॅसेटमध्ये एकच तास मावायचा, व्हीएचएसमध्ये दोन. बीटाचं चित्र मला आजही सरस वाटतं. पण गिऱ्हाइकाला हवी असायची शेजाऱ्याच्या मशीनवर चालेल अशी कॅसेट, आणि शेजाऱ्याकडे व्हीएचएस. १९८८ मध्ये सोनी स्वतःच व्हीएचएसची मशीन बनवायला लागली आणि विषय संपला. कुवेत-बहारीनहून बीटा आणलेली माणसं माझ्या काउंटरवर येऊन रागावली. 'तुम्हीच सांगितलं होतंत बीटा घ्या म्हणून!' मी सांगितलं होतं हे खरं. त्यांच्या मशीन मी पडेल भावात घेतल्या आणि सुट्या भागांसाठी विकल्या. त्यांच्याबरोबर माझी स्वतःचीही विकली.

घरात तीन बीटा कॅसेट उरल्या. काकांनी कुवेतहून सोनीचा बीटामूव्ही कॅमेरा आणला होता. तो फक्त रेकॉर्ड करायचा, घेतलेलं दाखवायची सोयच त्यात नव्हती. त्याच्यावर १९८६ च्या काल्याला देवळासमोरच्या मंडपात झालेलं मराठी नाटक घेतलं होतं. त्यात माझे बाबा होते. पहाटे चारला पडदा पडला तोवर तिसरी कॅसेट चालू होती. बाबा गेले तेव्हा कॅसेट हातात होत्या आणि चालवायला मशीन नव्हती. ती मिळवायला मला सहा वर्षं लागली.

म्हणून फॉरमॅट हरला की मशीन विकू नका. कॅसेट टिकते, मशीन आधी जाते. व्हीसीआरमधले रबरी बेल्ट सैल पडतात, पट्टी पुढे ओढणारा पिंच रोलर कडक होतो आणि दुरुस्त करणारे हात कमी होत जातात. सोनीने बीटाचे रेकॉर्डर २००२ मध्ये थांबवले आणि कोऱ्या कॅसेट २०१६ पर्यंत विकल्या. म्हणजे कॅसेट मशीनपेक्षा चौदा वर्षं जास्त विकली गेली. घरात चालती मशीन असेल तर महिन्यातून एकदा लावा, नको असलेली एखादी कॅसेट पंधरा मिनिटं चालवा. पावसात तर नक्कीच.

पिशवीत नक्की काय आहे हे ओळखायला मोजपट्टी पुरते. व्हीएचएस जवळपास १९ सेंटीमीटर लांब, बीटा साडेपंधरा. आतली पट्टी दोन्हींत अर्ध्या इंचाचीच, त्यामुळे नुसत्या पट्टीवरून कळत नाही. मग लेबल वाचा. व्हीएचएसवर ई-१८० लिहिलं असेल तर ती १८० मिनिटांची. बीटावर एल-५०० किंवा एल-७५० असतं, पण तो आकडा मिनिटांचा नाही, फुटांचा आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एल-७५० सव्वातीन तास चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट तिकडच्या एनटीएससी पद्धतीची असते. ती साध्या पाल मशीनवर लावली की चित्र पळतं आणि लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. फेकू नका, दोन्ही पद्धती चालवणारी मशीन शोधा.

आता बुरशी. गोव्यात हाच खरा शत्रू. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले चपलांचे पट्टेसुद्धा हिरवे होतात, मग कॅसेटचं काय होत असेल? कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रिळाची कड बघा. काळी, गुळगुळीत दिसली तर ठीक. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, 'एकदाच बघतो' म्हणूनही नाही. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या पट्टी वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. माझ्या तीनपैकी मधल्या कॅसेटला ती लागली होती. ती वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर तीन आठवडे ठेवली. मग मार्चमधल्या कोरड्या दुपारी अंगणात, सावलीत, नाकाला मास्क लावून उघडली. पाच स्क्रू असतात, कुठला कुठे होता त्याचा आधी फोटो घ्या. कडेची भुकटी मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला झाडली, मग पट्टी मऊ सुती कापडातून हळूहळू हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर घेतली. पूर्ण पट्टी व्हायला दीड तास लागला. मध्ये थांबायचं नाही, ओढायचं नाही आणि पट्टीच्या चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही. हाताला भीती वाटत असेल तर जाणकाराकडे द्या, पण ती बुरशीची आहे हे आधी सांगा.

सिलिका जेलचे रंगीत दाणे घ्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. तांदळात कॅसेट पुरणारे मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नका, तांदळाची पूड आत जाते. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारखी उभी ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, ती भिंत पावसात ओल धरते. व्हीएचएसच्या मागच्या कडेचं छोटं प्लास्टिक मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

कॅसेट लावायच्या आधी हेड साफ करा. मशीनची वायर भिंतीतून काढा, झाकण उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं शॅमॉय, म्हणजे मऊ चामड्याचं कापड, हेड बसवलेल्या गोल ड्रमला टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कापड वरखाली घासलंत तर हेड तुटेल. कापसाची काडी तर नकोच, धागा अडकतो.

कॉम्प्युटरवर घेताना पिवळी, पांढरी, लाल पिन यूएसबी कॅप्चरला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीला, जोडा. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. जवळ बसा, ट्रॅकिंग, म्हणजे चित्र नीट जुळून येतं का ते, बघत राहा, आणि दिवे जाण्याची सवय आपल्याला आहेच, तेव्हा यूपीएस लावा. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी लागतात. तेवढी जागा द्या. मोबाइलवर पाठवण्यासाठी लहान प्रत नंतर करता येते, मोठी प्रत लहानीतून होत नाही. माझी पहिली कॅसेट मी एका स्टुडिओत दिली होती. त्यांनी सुरुवातीला संगीत घातलं, चित्र रुंद पडद्यासाठी वरखाली कापलं आणि बाबांचा मुकुट कापला गेला. दुसऱ्याकडे देणार असाल तर कागदावर लिहून द्या: काही घालू नका, काही कापू नका, आवाज आहे तसा ठेवा. मला त्या आवाजात जनरेटरची घरघर हवी होती.

डिस्कवाल्यांसाठी थोडं. तिथेही बीटा-व्हीएचएससारखीच लढत झाली, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे ह्यांची. माझा भाचा बोटीवर होता. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडी प्लेयर शंभर डॉलरच्या आत निघाला, त्याने तो घेतला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ह्या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडल्याचं जाहीर केलं. 'मामा, आता ह्याचं काय करू?' आवाज अगदी पडला होता त्याचा. मी म्हटलं, विकू नको. ती मशीन साधी डीव्हीडी उत्तम दाखवते. फक्त ती अमेरिकेतल्या ११०-१२० व्होल्टची, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या भिंतीला लावायची नाही.

त्याच्या डिस्क आम्ही एकेक बघितल्या. काही कॉम्बो होत्या, म्हणजे एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. तुमच्याकडे अशी असेल तर उलटी करून कुठल्याही डीव्हीडी प्लेयरमध्ये लावा. एचडी डीव्हीडीला रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ह्याचं बंधन, नव्हता, म्हणून कुठल्याही देशातली डिस्क चालते. बदल्यात ब्लू-रे घ्याल तेव्हा मागचा शिक्का बघा. भारत सी रीजनमध्ये आहे, अमेरिकेची ए डिस्क अडू शकते. आणखी एक. चरे घालवायची पॉलिश मशीन ब्लू-रेला लावू नका, तिचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो. एचडी डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरवर होता. पण त्या काळातल्या बऱ्याच एचडी डीव्हीडी आतून खराब होत आहेत, चित्र एकाच जागी अडकतं. आवडीची डिस्क असेल तर ह्याच महिन्यात लावून बघा.

फाइल झाली की नावात तारीख, जागा आणि माणसं लिहा, आणि तीन प्रती करा: एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एक नेटवर. कॅसेट मात्र टाकू नका. नावं लिहायला घरातलं सर्वांत वयस्कर माणूस शेजारी बसवा. माझ्या आत्याने बाबांच्या मागे मशाल धरून उभा असलेला मुलगा ओळखला. तो मीच होतो, आणि मला ते आठवत नव्हतं.