वारं गेल्यावर माणसाला बोललेलं कळत नाही? या चुका टाळा

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला आपलं बोलणं उमजेना, की घरचे आवाज चढवतात. पहिली चूक हीच. कान बहुधा शाबूत असतात (तरी वयस्कर माणसाचे एकदा तपासून घ्याच). इजा झालेली असते मेंदूला, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या कानशिलाकडच्या भागाला. बोलणं समजण्याशी या भागाचा संबंध आहे, हे कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्येच मांडलं होतं. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाही, समोरच्याला फक्त आपण चिडलोय असं वाटतं.

मालवणीतले खंय, हंय, थंय (कुठे, इथे, तिथे) घ्या. फरक पहिल्या ध्वनीचा, आणि तो क्षणार्धात सरतो. निरोगी मेंदूला शंका आली तर तो ऐकलेला ध्वनी जरा वेळ धरून ठेवतो आणि पुढच्या बोलण्यावरून शब्द ठरवतो. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणं-समजणं बिघडतं तेव्हा, ध्वनी वेळेवर पोचतो, पण त्याचा ठसा फिका उमटतो आणि शंका असतानाही तो पुरेसा धरून ठेवला जात नाही.

म्हणूनच घाई नडते. ‘आये, पेज घेतंस?’ विचारलं, उत्तर नाही, की लगेच ‘भूक नाय? मग भात वाढू?’ पहिलं बसायच्या आत दुसरं येऊन आदळतं. एकदा विचारा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मग तेच वाक्य, तसंच, पेजेची वाटी समोर धरून. शब्द तोडून ‘पे… ज’ करू नका. लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच नको. त्यांना सगळं जाणवत असतं.

गणपतीत चाकरमानी आले की पडवीत चौघे एकदम बोलतात, आत टीव्ही चालू. टीव्ही बंद करा. एकानेच, समोर बसून बोलावं.

मान डोलावली म्हणजे कळलं, असं धरू नका. म्हणून औषधाची गोळी त्यांच्यावर न सोपवता तुम्हीच हाताने द्या.

स्पीच थेरपिस्टना घरची बोली आवर्जून सांगा. जन्मभर मालवणी बोललेल्या माणसाची चाचणी फक्त पुस्तकी मराठीत झाली, तर अडचण आहे त्याहून मोठी दिसू शकते. तज्ज्ञ लांब असतील तर व्हिडिओ कॉलवर सराव होतो का, विचारा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण पुढेही चालू राहते. सराव सोडू नका.

आणि बोलणं अचानक पुन्हा बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.