पोलिसाची ट्रिपल सीट दिसली, तर तक्रार कशी करायची

मोटार वाहन कायद्याचं कलम 210-ब (2019ची दुरुस्ती) सांगतं: नियम राबवणाऱ्यानंच मोडला तर दंड दुप्पट. सायरन-दिवा लावून तातडीनं निघालेल्या गाडीला काही नियमांतून सूट आहे. बाजाराच्या दिवशी विनाहेल्मेट फिरणाऱ्याला नाही.

आधी आपली गाडी बाजूला लावा, मगच मोबाईल काढा. एका फोटोत नंबरप्लेट आणि डोकी दोन्ही हवीत. भर उन्हात प्लेट चमकते, नंबर उमटत नाही. थोडं तिरपं उभं राहा. मूळ फोटो जपा, कारण व्हॉट्सॲपवरून गेला की त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद उडते. फाट्याचं नाव, वेळ लिहून अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. रस्त्यात हुज्जत तर नकोच.