टायटॅनिकचं मॉडेल बनवायचंय? आधी तारीख ठरवा, डिंक नंतर

किट घरी आलं की पहिल्याच संध्याकाळी हलचे, म्हणजे जहाजाच्या धडाचे, दोन भाग चिकटवून मोकळं व्हायचा मोह होतो. सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. मला करायची होती ३१ मे १९११ ची, म्हणजे पाण्यात सोडली त्या दिवसाची टायटॅनिक, कारण (खरं कारण सांगतो) तेव्हा तिच्यावर धुराडी नव्हती आणि दोऱ्या बांधायचं काम वाचणार होतं. हल चिकटवला, पुट्टी भरली, घासला, प्रायमरपण मारला आणि मग एका रात्री बेलफास्टचा (ती तिथेच बांधली) जुना फोटो झूम करून खिडक्या मोजत बसलो. पोर्ट साइडला, म्हणजे पुढे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे, सी डेकच्या (मजल्यांना वरून खाली ए, बी, सी अशी नावं) पुढच्या भागात गोल पोर्टहोल चौदा. माझ्या हलवर सोळा. किटवाल्यांची काही चूक नव्हती, त्यांनी १९१२ ची बोट दिली होती, १९११ ची मलाच हवी होती.

तर पहिली पायरी ही. तुम्ही जहाजाचं मॉडेल करत नाही, जहाजाच्या एका दिवसाचं करता. टायटॅनिकच्या बाबतीत हे फार चटकन लक्षात येत नाही कारण तिचं आयुष्यच पाच दिवसांचं, १० एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनहून निघाली आणि १५ ला पहाटे बुडाली. पण त्याआधी यार्डात वर्षभर ती बदलतच होती. पोर्टहोल वाढले, ए डेकच्या पुढच्या अर्ध्या भागाला काचेच्या खिडक्यांचा आडोसा अगदी शेवटच्या टप्प्यात बसवला. तिची थोरली बहीण ऑलिम्पिक करायची असेल तर विचारूच नका, ती १९११ ते १९३५ चालली. जलावतरणाला फिक्या रंगाची होती (फोटोत उठून दिसावी म्हणून), मग काळी झाली, टायटॅनिक बुडाल्यावर बोट डेकवर शेवटपर्यंत लाइफबोटी आल्या, पहिल्या महायुद्धात अंगावर शत्रूला चकवणारे वेडेवाकडे डॅझल पट्टे आले आणि युद्धानंतर कोळशाऐवजी तेलावर चालायला लागली. यातली कुठली करताय ते कागदावर लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. पुढे प्रत्येक पार्ट हातात घेतला की हा त्या दिवशी होता का, एवढंच विचारायचं.

आता फोटो. इथे बहुतेक जण फसतात, कारण टायटॅनिकचे फोटो मुळात कमी आहेत आणि तिचे म्हणून जे फिरतात त्यातले बरेच ऑलिम्पिकचे आहेत. तो प्रसिद्ध मोठा जिना, तोही ऑलिम्पिकचाच फोटो. ओळखायचं कसं? बाजूने घेतलेला फोटो असेल तर ए डेक बघा. पूर्ण लांबीभर मोकळा असेल तर ऑलिम्पिक, पुढचा अर्धा भाग बंद असेल तर टायटॅनिक. मग खाली बी डेकच्या खिडक्या बघा, ऑलिम्पिकच्या १९११ मध्ये सारख्या अंतरावर ओळीने आहेत, टायटॅनिकच्या कमीजास्त अंतरावर, कारण आतल्या केबिन वेगळ्या होत्या. या दोन खुणांवर नव्वद टक्के काम होतं. विश्वासाचे फोटो म्हणजे हारलँड अँड वुल्फ यार्डासाठी रॉबर्ट वेल्चने काढलेले, आणि फादर फ्रान्सिस ब्राउनचे, जो साउदॅम्प्टनला चढला आणि ११ एप्रिलला आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला उतरला. म्हणजे उतरला म्हणून फोटो राहिले.

स्केल निवडताना जागा मोजा, उत्साह मोजू नका. खरं जहाज २६९.१ मीटर लांब आणि २८.२ मीटर रुंद. १:७०० मध्ये ते साधारण ३८ सेंमी होतं, १:४०० मध्ये ६७, १:३५० मध्ये ७७, आणि १:२०० मध्ये चक्क १३४ सेंमी, जे ठेवायला आधी घरच्यांशी बोलावं लागतं. मला १:३५० आवडतं, बारकावे दिसतात आणि टेबलावर मावतं. या स्केलला एक आकडा पाठ करून टाका, एक फूट म्हणजे ०.८७ मिलीमीटर. प्लॅनवर सगळी मापं फुटात असतात, गुणत सुटायचं. बारा इंची पोर्टहोल झाला ०.८७ मिमी, साडेतीन फुटी रेलिंग झालं तीन मिमी, आणि डेकची साधारण पाच इंची लाकडी फळी ०.३६ मिमी. हे आकडे बघितले की कळतं किटमधलं प्लॅस्टिकचं रेलिंग का चालत नाही, त्याची दांडी खऱ्या जहाजावर माणसाच्या मांडीएवढी जाड झाली असती.

चिकटवायच्या आधी हल कोरडाच जोडून रबरबँड लावा आणि पट्टीने मोजा, खोक्यावर काय छापलंय ते सोडून द्या. लांबी, रुंदी, आणि मुख्य म्हणजे डेकचा बाक. खरं जहाज बाजूने बघितलं तर डेकची रेघ सरळ नसते, मध्ये खाली आणि दोन्ही टोकांना वर जाते, पुढे जास्त. काही किटमध्ये हा बाक दाबलेला असतो आणि मग बोट सगळं बरोबर असूनही बाकासारखी, म्हणजे बसायच्या बाकासारखी दिसते.

हलच्या पत्र्यांचा मुद्दा वेगळा. खरे पत्रे एकावर एक चढवून रिव्हेट मारलेले होते, त्यामुळे आडव्या पट्ट्या दिसतात, पण त्या पत्र्याची जाडी इंचभर धरली तरी १:३५० ला ०.०७ मिमी होते. किटवर त्या कुठेतरी तिप्पट चौपट उठून आलेल्या असतात. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा, बोटाला लागेनाशी झाली पण तिरप्या उजेडात दिसतेय इथे थांबा. रिव्हेटचं डोकं या स्केलला ०.१ मिमी. ते दाखवायच्या फंदात पडू नका.

पोर्टहोल किटमध्ये नुसते खळगे असतात, ते आरपार पाडायचे. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा उद्योग, शेकड्याने आहेत. हातात फिरवायचा पिन व्हाइस घ्या, मोटरचा ड्रिल नको, प्लॅस्टिक वितळून भोकाच्या कडेला कॉलर येते. आधी सुईने मधोमध टोचा, मग ०.६ ने पाडा, मग मापाचा बिट. सगळे एकाच मापाचे नसतात, प्लॅनवर नऊ इंचापासून पुढे वेगवेगळे आहेत आणि तो लहानमोठेपणा लांबूनही जाणवतो. एका बैठकीत पन्नासच्या वर करू नका, साठाव्याला हात घसरतोच. आतून सगळं काळं रंगवा नाहीतर भोकातून समोरच्या बाजूचा उजेड दिसतो. काच शेवटी, रंग झाल्यावर, सुकल्यावर पारदर्शक होणाऱ्या पांढऱ्या गोंदाचा थेंब काडीने भोकाच्या कडेवरून फिरवायचा.

रंग. इथे एक गंमत आहे. त्या काळच्या काचेच्या फोटो प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून लाल गोष्ट फोटोत काळी येते, पिवळी गडद येते आणि निळी फिकट. त्यामुळे कोणी फोटोतला करडा बघून धुराड्याचा पिवळा अमुकच होता असं छातीठोक सांगत असेल तर हसून सोडून द्या. व्हाइट स्टारचा (तिच्या मालक कंपनीचा) तो रंग पिवळा आणि बदामी यांच्या मधला, केशरी नक्की नाही. मी दोन तीन छटा प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर मारून खिडकीत ठेवतो आणि काळ्या हलशेजारी धरून बघतो. काळासुद्धा बाटलीतला शुद्ध काळा नको, मोठी वस्तू लांबून बघतो तेव्हा हवेमुळे तिचा रंग जरा विटतो, म्हणून काळ्यात थोडा करडा आणि पांढऱ्यात किंचित मळकटपणा. क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी पांढरा, मग हलच्या वरच्या कडेची पिवळी पट्टी, त्यावर बारीक कापलेली मास्किंग टेप, मग खालचा लाल, शेवटी काळा. लाल काळ्याची रेघ अंदाजाने मारू नका. पूर्ण भरलेल्या टायटॅनिकचा तळ ३४ फूट ७ इंच पाण्यात, म्हणजे १:३५० ला कण्यापासून तीस मिमी वर पाण्याची पातळी येते. हल सपाट काचेवर घट्ट टेकवा, तीस मिमीच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा बोटीभोवती फिरवा, रेघ आपोआप बरोबर पडते आणि तुमची लाल काळ्याची हद्द तिच्या किती वर आहे ते तिथून मोजता येतं. गंज, ओघळ वगैरे युद्धनौकेवर शोभतं, ही बोट आठवडाभर जुनी होती, तिला ताजी ठेवा.

धुराडी. चारही गोल नाहीत, लंबगोल आहेत, आणि सगळी मागे कललेली, दर फुटाला दोन इंच. किटमध्ये ती दोन भागात येतात आणि मधला सांधा नेमका समोर दिसतो, पुट्टी भरून घासावाच लागतो. कल मोजायला जाड पुठ्ठ्याचा त्रिकोण कापा, उभा १२ सेंमी आणि आडवा २ सेंमी, आणि प्रत्येक धुराडं त्याला लावून बसवा. मी एकदा डोळ्याने बसवली, तिसरं एक अंश सरळ राहिलं, एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण बाजूने बघितलं की नजर आधी तिथेच जायची, आणि दोऱ्या बांधून झाल्यावर ते काढायचं म्हणजे... असो. चौथ्या धुराड्याला एकही बॉयलर जोडलेला नव्हता, ते मुख्यतः हवा बाहेर काढायला आणि स्वयंपाकघराच्या धुरासाठी होतं. तेव्हा चारही धुराड्यांतून कापसाचा धूर काढणार असाल तर निदान चौथ्याचा काढू नका. (मला विचाराल तर कुठल्याचाच नको.)

पंख्यांवरून, म्हणजे मागच्या प्रोपेलरवरून, भांडणं होतात. बाजूचे दोन्ही पंखे तीन-तीन पात्यांचे, यात वाद नाही. मधला बरीच वर्षं सगळे चार पात्यांचा करायचे, कारण १९११ च्या ऑलिम्पिकचा तसा होता, पण यार्डाच्या एका वहीत टायटॅनिकच्या मधल्याला तीन पाती नोंदलेली सापडली. पंखे बसवलेल्या टायटॅनिकचा फोटो नाही आणि अवशेषांत तो मधला पंखा गाळात गाडलेला आहे. मी तीन करतो, वही यार्डाचीच आहे म्हणून.

फोटो-एच, म्हणजे पितळी पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या, रेलिंगला घाबरू नका, पण घाईही नको. पितळी पत्रा बोटीच्या गोलाईवर वाकत नसेल तर मेणबत्तीवरून पटकन फिरवा, मऊ पडतो. आधी रंगवा, मग कापा. सुपरग्लू थेट नळीतून लावाल तर रेलिंगची जाळी भरून जाईल, थेंब काचेवर पाडा आणि सुईच्या टोकाने एकेका खांबाला लावा. दोऱ्यांसाठी स्प्रू (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) गरम करून ताणलेली तार स्वस्त आणि मस्त, पण धक्का लागला की तुटते, म्हणून मी आता इलॅस्टिक धागा वापरतो. धुराड्याच्या दोऱ्या नेहमी दोन्ही बाजूंनी जोडीने लावा, एका बाजूच्या सगळ्या आधी ओढल्या तर धुराडं त्या बाजूला झुकतं.

आणि सगळं झालं की मग ती टेबलासमोरची चिठ्ठी परत वाचा, कारण आता तारखेबरोबर वेळही लागते. ब्रिजपाशी (जिथून जहाज चालवतात तिथे), दोन्ही बाजूंना सगळ्यात पुढे, ज्या छोट्या इमर्जन्सी बोटी आहेत, एक आणि दोन नंबरच्या, त्या समुद्रात असताना डेव्हिटवरून (बोटी उतरवायच्या आकड्यांवरून) बाहेर लटकवलेल्या असायच्या. समुद्रातली बोट करायची तर त्या बाहेर आणि झेंडे खाली. १० एप्रिलला साउदॅम्प्टनहून निघतानाची करायची तर मागे निळा एन्साइन, म्हणजे जहाजाचा ब्रिटिश झेंडा, लावा (कॅप्टन स्मिथ नौदलाच्या राखीव दलात होता म्हणून लाल नाही, निळा), मागच्या डोलकाठीवर व्हाइट स्टारचा लाल झेंडा, पुढच्या डोलकाठीवर अमेरिकेचा, आणि कागदाचे झेंडे ओल्या गोंदातच जरा सुरकुतवून तिन्ही एकाच दिशेला उडवा, वारा एकच असतो.