फॉर्म भरण्याआधी ईमेल आपल्याच मोबाईलवर उघडा

नीट, सीईटी किंवा महाडीबीटीचा फॉर्म भरायचा म्हटलं की बीड-हिंगोलीकडची पोरं तालुक्याच्या नेट कॅफेत जातात. ईमेल नसेल तर तिथला माणूसच काढून देतो. नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. पुढे लातूरला क्लास लावल्यावर मेल उघडायला जावं, तर कोड जातो त्याच्या मोबाईलवर. म्हणून खातं आपल्या फोनवर, घरच्याच सिमवर उघडा. पैसे लागत नाहीत.

अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल ॲप बहुधा असतंच. ते उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा. ‘ॲड अनदर अकाउंट’, ‘गूगल’, ‘क्रिएट अकाउंट’, ‘फॉर माय पर्सनल यूज’ असं क्रमानं निवडा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसं, इंग्रजीत. जन्मतारीख खरी भरा. घाईत साल चुकून वय १३ च्या आत दिसलं, तर पालकांच्या खात्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता पत्ता. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब चालतं. लांबी ६ ते ३०. नाव-आडनाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर गावाचं नाव जोडा. मोबाईल नंबर जोडू नका, तो उगाच जगजाहीर होतो. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, पण १२ च्या पुढचा ठेवा आणि घरच्या वहीत लिहा. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी हवा. कीबोर्डनं सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी रिकामी जागा पडू शकते, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होऊ शकतं. मग पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ येतो. डोळ्याच्या खुणेवर दाबून एकदा वाचून घ्या.

नंबर तपासणीत सगळ्यात जास्त अडतं. ‘हा नंबर फार वेळा वापरला गेला’ असं आलं, तर त्या नंबरवर आधीच बरीच खाती निघालेली असतात. घरातल्या दुसऱ्याचा नंबर द्या. कधी कोड येण्याऐवजी आपल्यालाच एसएमएस पाठवायला सांगतात. रिचार्ज संपलेला असेल तर तो जातच नाही.

खातं उघडल्यावर रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवण्यासाठी, नंबर आणि घरच्यांचा एक ईमेल लगेच जोडा. सिम बराच काळ बंद राहिलं तर तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून नंबर बदलला की इथंही बदला.

मेल उशिरा येत असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये आपला पत्ता निवडून ‘सिंक जीमेल’वर खूण आहे का पाहा. मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, जीमेल, बॅटरी इथं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲप झोपवून ठेवतो. परीक्षेच्या दिवसांत स्पॅम, म्हणजे नकोशा मेलचा कप्पाही, रोज उघडून बघा.

फुकट जागा १५ जीबी, पण तीत गूगलवर ठेवलेले फोटो, ड्राइव्हमधल्या फायली आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळंच मोजतात. ती भरली की नवे मेल येणं थांबतं. लग्नाचे व्हिडिओ बॅकअपमधून काढा.

कॅफेत काढलेलं जुनं खातं असेल आणि कोड मिळत असेल, तर आधी रिकव्हरी नंबर आपला करा, मग पासवर्ड बदला आणि ‘युवर डिव्हाइसेस’ (खातं कुठं कुठं उघडलंय ती यादी) मधून अनोळखी यंत्रं साइन आउट करा.