समोरून चालत येणारा वाघ टिपताना या चुका टाळा

ताडोब्यात मोहर्लीच्या बाजूला, सकाळच्या फेरीत, वाघीण झुडपातून रस्त्यावर उतरली आणि थेट जिप्सीच्या दिशेने चालू लागली, की गाडीतल्या प्रत्येकाचे बोट शटरवर जाते आणि ती वळून जंगलात शिरेपर्यंत बहुधा तिथेच राहते. माझेही तसेच झाले होते. पहिल्या हेड-ऑनच्या, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या वाघाच्या, १४० फ्रेम घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्या, तेव्हा शेवटच्या चाळीसेक फ्रेममध्ये पंजे कापले गेले होते, आणि ठेवण्याजोग्या ज्या तीन निघाल्या त्या वाघीण बरीच लांब असतानाच्या होत्या. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. समोरून येणाऱ्या प्राण्यासाठी बांधलेली चौकट दर काही पावलांनी जुनी होते आणि नवी चौकट ठरवायला आपण प्राणी अगदी जवळ आल्यावर घेतो, हीच या प्रकारातली मूळ चूक आहे.

थोडा हिशेब केला तर हे पटते. फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स असेल, तर ४० मीटरवर आडव्या चौकटीत सुमारे २.४ मीटर उंचीचे दृश्य मावते, आणि खांद्यापर्यंत साधारण मीटरभर उंचीचा वाघ त्यात ऐसपैस बसतो. तोच वाघ २० मीटरवर आला की चौकटीची उंची १.२ मीटर उरते, म्हणजे डोक्यावर आणि पंजाखाली मिळून वीतभर जागा. ५० मीटरवरून २५ मीटरवर यायला रमतगमत चालणाऱ्या वाघाला अर्धा मिनिटही लागत नाही. म्हणून वाघ दूर असतानाच कॅमेरा उभा धरावा, पंजांखाली रस्त्याचा पट्टा मोकळा ठेवावा, आणि पंजे मावेनासे होतील तेव्हा काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. माझ्या मते त्या क्षणी थेट छातीपासून वरची चौकट घ्यावी. घोट्यावर कापलेला पाय चूक म्हणूनच दिसतो, तर छातीवर घेतलेला छेद विचारपूर्वक घेतलेला वाटतो. गवतात बुडालेल्या पंजांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते गवताने झाकलेले असतात, आपण कापलेले नसतात, त्यामुळे डोळ्याला खटकत नाहीत.

दुसरी चूक उभे राहण्याची. जिप्सीत उभ्याने धरलेला कॅमेरा जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास असतो आणि वाघाचे डोळे सुमारे ८० सेंटीमीटरवर. दहा मीटर अंतरावर हा कोन आठ अंशांचा होतो, पाठ पसरट दिसते आणि वाघाचा सगळा दरारा जातो. ४० मीटरवर तोच कोन दोन अंशांवर येतो. खाली बसून कॅमेरा गाडीच्या कडेवर, बीन बॅगेवर (दाण्यांनी भरलेल्या टेकूच्या पिशवीवर) टेकवला तर तो आणखी कमी होतो, म्हणूनच लांबून घेतलेला फोटो पुष्कळदा जवळच्या फोटोपेक्षा अधिक दबदब्याचा दिसतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर राखायचे असते. हा नियम फोटोच्या आड येतो अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, पण कोनाचा हिशेब पाहता तो फोटोच्याच बाजूचा आहे.

गाडी रिव्हर्समध्ये असताना फोटो काढत राहणे, ही तर आपली सार्वत्रिक सवय. इंजिनाची थरथर बीन बॅगेतूनही लेन्सपर्यंत पोहोचते, आणि कच्च्या रस्त्यावर चाकांनी उडवलेली धूळ आपल्या आणि वाघाच्या मध्येच तरंगत राहते. त्यापेक्षा चालकाला एकदाच पुरेसे मागे घ्यायला सांगावे, इंजिन बंद करायला लावावे आणि वाघाला येऊ द्यावे. थांबल्यावर वाघाच्या पाठीमागे काय आहे तेही पाहून घ्यावे. मागे दुसरी जिप्सी असेल तर सीटवर हातभर सरकल्याने ती कित्येकदा वाघाच्या अंगाआड जाते.

डोळे मऊ, म्हणजे धूसर, आणि नाक धारदार, अशी तक्रार असेल तर हिशेब फोकसच्या खोलीचा, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते त्याचा, आहे. ६०० मिमी लेन्सचे छिद्र एफ ४ इतके उघडे असताना २० मीटरवर ही खोली जेमतेम पाव मीटर असते आणि नाकावर फोकस बसला की डोळे तिच्या कडेवर जातात. सलग फोकस चालू ठेवून बिंदू डोळ्यावर धरावा, आणि प्रकाश असेल तर छिद्र एफ ८ पर्यंत लहान करावे. सगळाच फोटो मऊ असेल, वेळ मे महिन्यातल्या उशिरा सकाळची असेल आणि वाघ ८० मीटरवर असेल, तर लेन्स दुरुस्तीला पाठवू नये. तापलेल्या रस्त्यावरून उठणाऱ्या हवेच्या लाटांनी तपशील खाल्लेला असतो, आणि त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही.

चालीकडेही लक्ष हवे. दोन्ही पुढचे पाय जमिनीवर सरळ असतात तेव्हा वाघ खांबांवर ठेवल्यासारखा दिसतो. एक पंजा उचलून मनगटात वाकलेला असतो, त्या क्षणी चाल फोटोत उतरते.

हत्तीच्या बाबतीत घाई सुळ्यांवर बेतते. अडीच मीटरांचा हत्ती ४०० मिमीच्या आडव्या चौकटीत ४० मीटरवरच मावेनासा होतो, तेव्हा दुसरा कॅमेरा किंवा झूम आधीच २०० मिमीच्या आसपास हवा. गव्याचे काळेभोर अंग चौकट भरून टाकते, कॅमेरा उजेड वाढवतो आणि पायांतले पांढरे मोजे, म्हणजे पायांचा खालचा पांढरा भाग, जास्त उजेडाने जळून, तपशील हरवून जातात. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचे माप) खाली घेतले की ते बहुधा वाचतात.

आणि चौकट कितीही जुळून आलेली असो, नजर कानांवर ठेवावी. वाघाच्या कानांच्या मागचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागले, तर त्याने कान चिडून फिरवलेले असतात. हत्तीने कान पसरून डोके उंचावले, तर त्याचाही अर्थ तोच. त्या वेळी कॅमेरा मांडीवर ठेवून चालकाला हळूच गाडी मागे घ्यायला सांगावे.