आळी मोडा, पाऊस दारात आहे

परसबागेतली भाजी कशाने जाते असं विचारलं की लोक मावा सांगतात, भुरी सांगतात, गोगलगाय सांगतात. पावसाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत गेलेली बहुतेक झाडं साचलेल्या पाण्याने गेली आणि ते पाणी मालकानेच अडवलेलं होतं. मार्चमध्ये खोडाभोवती खोलगट आळं करायचं, रोज त्यात बादली रिकामी करायची. बरोबरच आहे. पण जून आला तरी आळं जसंच्या तसं. चार दिवस झड लागली की त्याचं डबकं होतं आणि मिरची, वांगं, पपई, शेवगा त्यात उभ्या-उभ्या गुदमरतात.

मुंबईत मान्सून पोचण्याची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली तो 26 मे रोजीच येऊन थडकला, तेव्हा आमच्याकडे निम्म्या बागांची आळी शाबूत होती. म्हणून ‘मृग लागला की बघू’ हे यंदा नको. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच फावडं हातात घ्या.

एका श्रावणात शेजारच्या वहिनींनी हाक मारली. पपईची सहा झाडं, छातीएवढी, फुलावर आलेली. दुपारी पानं लोंबायची म्हणून त्या झाडांना तहान लागली समजून पाणी घालत होत्या. भर श्रावणात! दुकानदाराने ‘मुळं वाढतील’ म्हणून साडेसहाशेची बाटली गळ्यात मारली होती, तीही ओतून झालेली. मी एक झाड हलवलं तर ते अलगद वरच आलं. बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून बोटांत राहिली, आत नुसता दोरा. मातीला नासक्या अंड्याचा वास. सहापैकी एकही वाचलं नाही.

पान मलूल आणि माती ओली असेल तर ती तहान नाही, मूळ कुजतंय. मातीतल्या हवेच्या जागी पाणी भरलं की मुळांना श्वास मिळत नाही आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या बुरशीसदृश रोगकारकांचे बीजाणू त्याच पाण्यातून पोहत मुळापर्यंत जातात. अशा वेळी टॉनिक, ह्यूमिक, ‘रूट बूस्टर’ काहीही ओता, पैसे पाण्यात. अक्षरशः.

करायचं ते असं. आळ्याचा काठ फोडून ती माती खोडाकडे ओढा, म्हणजे खड्ड्याच्या जागी उंचवटा होईल. भाजीचे वाफे सपाट ठेवू नका, वीतभर उंच गादीवाफे करा. काळ्या मातीत दीड वीत, कारण ती फुगली की पाणी मुरूच देत नाही. दोन वाफ्यांमधल्या चरात पालापाचोळा भरा. चराचा उतार केळीकडे किंवा अळूकडे काढा. अळवाला ओल कितीही चालते, केळही जादा पाणी पिऊन घेते, फक्त तिच्याही बुंध्याशी तळं होऊ देऊ नका. वाफ्यावर आच्छादन हवंच, पण खोडापासून चार बोटं लांब.

माझा एक ठोकताळा: हातभर खोल खड्डा संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी दिसलं तर त्या जागेवर पपई लावूच नका. याला कुठल्या पुस्तकाचा आधार मागू नका, पण मला तरी अजून त्याने दगा दिलेला नाही.

बाकीची कामं:
- दोडका, कारली, पडवळ: आधी मांडव, मग बी. कारल्याचं बी रात्रभर भिजवा.
- भेंडी, गवार: एका जागी दोन दाणे.
- मिरची, वांगी: रोपं गादीवाफ्यावर, 5–6 आठवड्यांनी लागवड.
- हळद, आलं: सरीत नको, वरंब्यावर. नाहीतर कंदकूज ठरलेली.
- शेवगा: उंच फांद्या छाटा.
- निंबोळ्या पडतील तशा गोळा करून सावलीत वाळवा. 500 ग्रॅम पूड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली की 5 टक्के अर्क तयार.
- कुंड्या: तळाचं भोक काडीने मोकळं करा, खालची ताटली काढून टाका. डासही कमी होतील.

ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या रोगांना रोखणारी मित्रबुरशी) बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम चोळा, उरलेला शेणखतात मिसळून वाफ्यात टाका. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या विद्यापीठांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. दुकानात घेतलात तर पाकिटावरची मुदत आधी वाचा, मेलेल्या बुरशीचे पैसे देऊ नका.

कूज सुरू झालीच तर 1 टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण: 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. चुन्याच्या दुधाळ पाण्यात मोरचुदाचं पाणी ओतत ढवळा. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना वाढवा. त्याच दिवशी बुंध्याशी ओता, पालेभाजीवर नको. ट्रायकोडर्मा टाकला असेल तर त्या वाफ्यात पंधरा दिवस बोर्डो नको, तो मरेल. आणि आळं न मोडता बोर्डो ओतणार असाल, तर मोरचुदाचे पैसे वाचवा.

पहिला वळीव पडून गेला की अर्ध्या तासाने बागेत चक्कर मारा. जिथे पाणी अजून चमकतंय तिथे काठी रोवा. दुसऱ्या सरीच्या आत त्या काठीपासून उताराकडे चर निघाला पाहिजे.